पोहता न येणारा नवरदेव

मालाडहून मढची बस पकडा आणि ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरा. निसरड्या दगडांना चिकटलेले तांबूस-किरमिजी झुपके म्हणजे लाल शैवाल. मुंबईच्या किनाऱ्यावर आढळणारे ग्रॅसिलारिया याच कुळातले. आपण घरी ज्या चायना ग्रासचे पुडिंग करतो, ते अशाच शैवालांपासून काढतात.

ग्रॅसिलारियात नर आणि मादी झुपके वेगवेगळे. अडचण अशी, की नेच्याच्या किंवा माणसाच्या पुंयुग्मकाला पोहायला शेपटी असते. लाल शैवालांत मात्र कोणत्याच पेशीला ती नाही. मग हा नवरदेव मांडवात पोचतो कसा?

नर झुपक्याच्या सालीवरच्या बारीक पेशींत एकेक पुंयुग्मक तयार होते. आकार मिलिमीटरच्या काही हजारांशाएवढा, आत केंद्रक आणि चिकट शर्करायुक्त द्रव्याच्या पिशव्या. लाल रंग जवळजवळ नाहीच. वेळ आली की पिशव्या रिकाम्या होतात, ते द्रव्य पाणी शोषून भिजवलेल्या सब्जासारखे फुगते, पेशीची भिंत टोकाशी फाटते आणि युग्मक बाहेर ढकलले जाते. त्याच्या अंगावर भिंत नसते, असतो तो फक्त बुळबुळीत लेप. पुढचा प्रवास लाटांच्या हवाली. मादीच्या केसासारख्या तंतूला धक्का लागला तर ते चिकटते आणि फलन होते. फलित मादीवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे दिसतात.

या प्रवासात एक मध्यस्थही असतो. २०२२ साली फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिले, की शैवालावर चरणारा आयडोटिया नावाचा छोटा कवचधारी प्राणी पुंयुग्मके अंगाला चिकटवून मादीपर्यंत नेतो. तो टाकीत असताना फलन सुमारे २० पट वाढले. फुलपाखरू फुलांसाठी जे करते, तेच इथे पाण्याखाली!

बी.एस्सी.ला असताना मी मढच्या एका खडकावरचे सगळे झुपके सुरीने खरवडून फाईलमध्ये चिकटवले होते. गुण चांगले मिळाले. पण ज्याला पोहता येत नाही, त्याला जोडीदार जवळच हवा, हे तेव्हा कळले नव्हते. खडक उघडा पडला, की नुसते झुपके जात नाहीत. उरलेल्या नर-मादीतले अंतरही वाढते आणि झुपक्यांत राहणारे ते मध्यस्थही बेघर होतात.

म्हणून मुलांना घेऊन जरूर जा. सोबत भिंग न्या, मादीवरचे फुगवटे शोधा. सुरी मात्र घरीच ठेवा.