विषबाधा : कुणी केली की झाली?

गावजेवणानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले, की पारावर लगेच कुजबुज होते, "कुणीतरी काहीतरी घातलं असणार!" मला वाटते, हा 'विष' शब्दाचाच दोष. बहुतेक वेळा विष घालणारा कुणी नसतोच. शिजलेला भात तासन्‌तास उघडा राहतो, त्यात जंतू वाढतात. उपवासाच्या भगरीलाही दमट हवेत बुरशी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सोमठाण्याला एकादशीच्या भगर-आमटीने इतके लोक आजारी पडले, की दोरीला बाटल्या टांगून उघड्यावरच सलाईन लावावे लागले.

मुद्दाम केलेलेही घडते. आपल्या रांजणगावासारखेच महड हे अष्टविनायकाचे गाव. तिथे जून २०१८ मध्ये वास्तुशांतीच्या जेवणाने ५ जण दगावले. वरणात कीटकनाशक कालवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नात्यातल्याच बाईला अटक केली.

मग ओळखायचे कसे? डॉक्टर आधी वेळ विचारतात. फवारणीचे औषध पोटात गेले तर बहुधा लवकरच तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. जंतूंना बहुधा काही तास लागतात.

पण विष सापडले म्हणजे कुणी मुद्दाम घातले, असेही नाही बरं का! बिहारमध्ये गंडामनच्या शाळेत २०१३ साली २३ मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला शिक्षा दिली, ती सदोष मनुष्यवधाची, खुनाची नव्हे.

खरे काय ते उरलेल्या अन्नाच्या तपासणीतून कळते. घाबरून सगळी पातेली घासून टाकली, तर बिचाऱ्या आचाऱ्यावरचा संशय कधीच फिटत नाही.