कोठारातली मैफल

मे १९५७ मध्ये मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या सभागृहात चोवीस वर्षांचा ग्लेन गूल्ड श्रोता म्हणून बसला होता. आपल्या वादनाने रशियन रसिकांना वेड लावणारा हा कॅनेडियन पियानोवादक त्या संध्याकाळी दुसऱ्याला ऐकायला आला होता. स्व्यातोस्लाव रिख्टरने शूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजरमधला सोनाटा सुरू केला, तोही अतिशय संथ लयीत. पहिली मूव्हमेंटच रिख्टरच्या हातून पंचवीस मिनिटांच्या आसपास जाई. गूल्डला शूबर्टची तीच ती आवर्तनं मुळीच आवडत नसत. पण त्या दिवशी आपण भारल्यासारखे ऐकत राहिलो, असं त्याने पुढे सांगितलं.

सात वर्षांनी, १९६४ मध्ये, दोघांच्या वाटा स्पष्टच फुटल्या. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला एक कार्यक्रम करून गूल्डने मैफल कायमची सोडली. पुढे त्याने वाजवलं ते स्टुडिओत, मायक्रोफोनसमोर. त्याच वर्षी रिख्टरने फ्रान्समध्ये तूर शहराजवळ, मेले इथल्या तेराव्या शतकातल्या धान्याच्या कोठारात स्वतःचा संगीतमहोत्सव सुरू केला. जाड दगडी भिंती, वर ओकच्या तुळयांचं प्रचंड छप्पर आणि खाली पियानो. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण त्याला नकोसं वाटे. गूल्डचा निर्णय विसाव्या शतकातला मोठा विचार म्हणून पुष्कळ चर्चिला गेला. रिख्टरच्या निर्णयामागेही तितकाच मोठा विचार होता असं मला वाटतं, आणि तो समजून घ्यायचा तर त्याची घडण पाहावी लागते.

त्याचा जन्म १९१५ मध्ये युक्रेनमधल्या झितोमिरचा. जर्मन वंशाचे वडील ओडेसाच्या कॉन्झर्वेटरीत शिकवत, पण मुलगा बराचसा आपला आपणच शिकला. समोर येईल ते ऑपेराचं नोटेशन वाचून वाजवायचं, हीच त्याची तालीम. कोवळ्या वयातच तो ओडेसाच्या ऑपेरात गायकांना तालमीत साथ करू लागला. १९३४ मध्ये त्याने पहिली एकल मैफल केली, ती सगळी शोपँच्या रचनांची. बाविसाव्या वर्षी मॉस्कोत हाइनरिख नॉयहाउस या थोर गुरूपुढे तो उभा राहिला तेव्हा रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतंच. राजकीय विषयांच्या सक्तीच्या तासांना बसायचं नाही म्हणून तिथूनही त्याला काढून टाकलं. नॉयहाउसने परत बोलावून घेतलं. १९४१ मध्ये हेरगिरीचा आरोप ठेवून सोव्हिएत सत्तेने त्याच्या वडिलांना गोळ्या घातल्या. आई जर्मनीला गेली. मायलेकांची भेट झाली ती एकोणीस वर्षांनी.

पश्चिमेकडे त्याला १९६० पर्यंत जाऊ दिलं नव्हतं, पण त्याचा आवाज आधीच पोचला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये बल्गेरियातल्या सोफिया शहरात त्याने मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ वाजवली. ते ध्वनिमुद्रण आजही मिळतं. थंडीचे दिवस, श्रोते सारखे खोकताहेत, काही सूर सरळसरळ चुकले आहेत, पियानोही काही फार चांगला नाही. तरीही शेवटच्या ‘कीव्हचं महाद्वार’ या भागात घंटानादासारखे स्वर एकावर एक चढत जातात तेव्हा ऐकणारा खुर्चीच्या कडेवर येतो. मैफलींच्या जुन्या, खरखरणाऱ्या टेप जपून ठेवणाऱ्या आपल्या रसिकांना यातलं मोल समजावून सांगायला नको. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या त्याच्या मैफलींनी अमेरिका जिंकली. तिकडचा मोठा बोलबाला मात्र त्याला कधी मानवला नाही. १९७० नंतर तो अमेरिकेत गेला नाही.

त्याचं मन रमे ते लहान गावांत. १९८६ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तो सैबेरियाच्या लांबच लांब दौऱ्यावर निघाला आणि जिथे धड सभागृह नव्हतं अशा ठिकाणीही त्याने वाजवलं.

त्याआधीच, १९८० च्या सुमारास, त्याने मैफलीची सगळी मांडणी बदलली होती. सभागृहात अंधार, फक्त नोटेशनवर एक छोटा दिवा. लिस्टच्या काळापासून एकल वादकाने पाठ वाजवायचं ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली होती. रिख्टर आता कागद समोर ठेवून वाजवू लागला. वयामुळे त्याला स्वर मूळ जागेपेक्षा चढे ऐकू येत आणि पाठ वाजवणं अवघड झालं होतं, हे खरं. पण नोटेशन समोर ठेवणंच प्रामाणिक आहे, हे तो तत्त्व म्हणूनही सांगे. लोकांनी वादकाच्या बोटांकडे किंवा चेहऱ्याकडे बघत बसावं हे त्याला नको होतं.

बाखच्या ‘इटालियन कंचेर्तो’मध्ये दुसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटाजवळ आपण एक सूर चाळीस वर्षं चुकीचा वाजवत आलो, हे त्याला म्हातारपणी उमगलं. एवढ्या वर्षांत कोणा संगीतकाराने, कोणा तंत्रज्ञाने ते दाखवून दिलं नव्हतं. तबकडीबरोबर या चुकीचा उल्लेख छापलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता, आणि तो छापला गेला.

मार्च १९९५ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकला त्याची शेवटची मैफल झाली. ऐंशी वर्षांच्या या वादकाने हायडनचे सोनाटे निवडले होते आणि मग आंद्रेआस लुत्सेविच या सहवादकाबरोबर माक्स रेगरची दोन पियानोंसाठीची रचना, जी पियानोवादकही फारशी वाजवत नाहीत.