एक यंत्र आणि अनेक सेवा : परवानामुक्त रेडिओच्या प्रमाणनाचा प्रश्न

‘परवानामुक्त’ हा शब्द ऐकला की जेथे परवाना नाही तेथे निर्बंधही नाही, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. अमेरिकेतील दुतर्फा संभाषणाच्या लहान रेडिओंच्या, म्हणजे वॉकी-टॉकींच्या, बाबतीत हा अर्थ बरोबर नाही. तेथील कायद्याच्या परिभाषेत या सेवा ‘नियमाने परवाना दिलेल्या’ आहेत. परवाना व्यक्तीच्या नावाने दिला जात नाही; नियमात सांगितलेल्या अटी पाळणाऱ्या सर्वांना तो एकदमच दिलेला असतो. प्रमाणित यंत्र वापरणे ही त्यांतील प्रमुख अट होय. म्हणून एकाच यंत्राला अनेक सेवांसाठी प्रमाणपत्र द्यावे काय, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रथम या सेवांमधील भेद पाहू. सिटिझन्स बँडचे ४० चॅनेल २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत. ‘मर्स’ या सेवेस १५१ व १५४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पाच चॅनेल असून शक्तीची मर्यादा २ वॅट आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली फॅमिली रेडिओ सर्व्हिस ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. या तिन्ही सेवांना वैयक्तिक परवाना लागत नाही. मात्र फॅमिली सेवेच्या शेजारीच, किंबहुना तिच्या चॅनेलांवरच, जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस (जीएमआरएस) ही चौथी सेवा आहे, आणि तिला परवाना लागतो.

अडचण उद्भवली ती या शेजारामुळे. उत्पादकांनी दोन्ही सेवांसाठी प्रमाणित असे २२ चॅनेलांचे जोडयंत्र बाजारात आणले. त्याच्या आठव्या चॅनेलवर बोलणाऱ्यास परवान्याची गरज नव्हती; तोच मनुष्य पंधराव्या चॅनेलवर गेला की त्याला परवाना आवश्यक होई. पहिल्या सात चॅनेलांवर तर अर्ध्या वॅटहून अधिक शक्ती वापरताच सेवा बदले. यंत्र तेच, आवाज तोच, बोलणाराही तोच. कायदेशीर स्थिती मात्र एका कळीने पालटे. खेळण्यासारखे यंत्र मुलांच्या हाती देणाऱ्या कुटुंबाला हा भेद कळावा कसा? अनेक जण परवान्याशिवायच बोलत राहिले.

संघीय दळणवळण आयोगाने २०१७ मध्ये या नियमांची पुनर्रचना केली. फॅमिली सेवेला सर्व २२ चॅनेल मिळाले. आठ ते चौदा या चॅनेलांवर अर्धा वॅट व इतरांवर २ वॅट अशी मर्यादा ठरली. त्या मर्यादेत बसणारी जुनी जोडयंत्रे फॅमिली सेवेची मानण्यात आली. अधिक शक्तीची किंवा रिपीटरद्वारे बोलू शकणारी यंत्रे जीएमआरएसकडे गेली. पुढे असा घोटाळा होऊ नये म्हणून, फॅमिली सेवा आणि अन्य कोणतीही परवान्याची अथवा नियमाने परवाना दिलेली सेवा यांसाठी एकच हातातील यंत्र प्रमाणित करणे २७ डिसेंबर २०१७ पासून बंद झाले. अशा यंत्रांची विक्री ३० सप्टेंबर २०१९ पासून निषिद्ध ठरली.

तथापि, संयोगाला सर्वत्रच मनाई आहे असे नाही. जीएमआरएसच्या यंत्रात अन्य सेवेच्या कंप्रता असू शकतात. पण त्या सेवेतही प्रमाणन आवश्यक असले पाहिजे, आणि यंत्राने तेही मिळविलेले असले पाहिजे. ज्या हौशी रेडिओ सेवेत असे प्रमाणन लागत नाही, तिच्यासाठीही चालणाऱ्या यंत्राला जीएमआरएसचे प्रमाणपत्र मिळत नाही.

या भेदामागील तत्त्व सरळ आहे. जेथे वापरणाऱ्याची परीक्षा नाही आणि नोंदही नाही, तेथे नियम पाळण्याचा भार यंत्रावरच पडतो. फॅमिली सेवेच्या यंत्राचे अंतेना काढता येऊ नये, शक्ती मर्यादेबाहेर जाऊ नये, ही काळजी कारखान्यातच घेतली जाते. ‘परवानामुक्त’ या शब्दातील मुक्ती बोलणाऱ्याला लाभते, ती यंत्र आधीच बांधलेले असते म्हणून.