बागेत उगवलेलं चित्रविचित्र पानांचं व्हायोलेट : दुर्मीळ रोप की आजारी?

अमेरिकेच्या पूर्व भागात वसंत ऋतू आला की हिरवळीत, कुंपणाशी, झाडाच्या सावलीत जांभळ्या फुलांची छोटी रोपं आपोआप उगवतात. पानं पत्त्यातल्या बदामासारखी. हे तिथलं रानटी व्हायोलेट, शास्त्रीय नाव 'व्हायोला सोरोरिया'. आपल्याकडे काढ्यात पडणारा बनफशा आणि हिवाळ्यात कुंडीत फुलणारी पॅन्सी ही त्याचीच भावंडं.

या रोपाची पानं साधारणपणे एकसारखी हिरवी असतात. मग एखाद्याच्या बागेत पांढऱ्या-पिवळ्या नक्षीचं रोप उगवलं, तर ते काय असेल?

उत्तर नक्षीतच दडलेलं असतं.

शिरांवर चंदेरी रेषा, त्याही प्रत्येक पानावर? मग ही बहुधा वेगळीच जात आहे. चीन-कोरियाकडच्या 'व्हायोला व्हेरिगाटा'ची पानं जन्मतः अशीच असतात.

एखाद्याच पानावर किंवा फांदीवर पांढरा पट्टा? हा पेशींमधला नैसर्गिक बदल असू शकतो. मनीप्लांटच्या पानांवर दिसतो तसाच. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून असं रोप हळू वाढतं. ही नक्षी बियांतून पुढे जाईलच असं नाही. ती टिकवायची तर मुळासकट गड्डा विभागून लावावा लागतो.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? बहुतेक वेळा ही लोहाची कमतरता असते.

फिकट-गडद डाग, वलयं, सोबत पानं आकसलेली? इथे सावध व्हा! ही विषाणूची लक्षणं आहेत. 'कुकुंबर मोझॅक व्हायरस' व्हायोलेटलाही होतो आणि मावा कीड तो शेजारच्या काकडी, टोमॅटोपर्यंत पोहोचवते. त्यावर औषध नाही. रोप उपटून नष्ट करणं हाच उपाय.

म्हणूनच मंडळी, असं रोप सापडलं की लगेच मित्रांना वाटू नये. आधी ते वेगळ्या कुंडीत, इतर झाडांपासून दूर ठेवावं आणि नवी पानं कशी येतात ते पाहावं. ओळख विचारताना फक्त एका पानाचा फोटो पुरत नाही. फूल, देठ, पानाच्या दोन्ही बाजू आणि संपूर्ण रोप असे फोटो हवेत, कारण व्हायोलेटच्या जातींचे आपसात संकरही होतात.

नक्षी सुंदर दिसते म्हणून रोप निरोगी असेलच असं नाही!