दोर सोडायचा कधी?

सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीत ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करावा लागतो. यवतमाळ, पुसद, दारव्ह्याचे पोट्टे त्यासाठी घाम गाळतात, पण बहुतेकांचा भर पायांच्या ताकदीवरच. खरा हिशेब वेगाचा आहे. शरीर फूटभर वर उचललं गेलं, तरी हवेत अर्धा सेकंद मिळतो. धावण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर असला, की तेवढ्यात खड्डा पार.

खड्डा दोराला झोका घेऊन पार करायचा असेल, तर गणित जरा तिरपं. तीन मीटरच्या दोराला लटकून ४५ अंशांवरून झोका घेतला, तर तळाशी वेग सेकंदाला चार मीटरच्या पुढे जातो आणि ६० किलोच्या मुलाच्या हातांवर जवळपास ९५ किलोंचा भार येतो. नवख्याची पकड सुटते ती इथेच. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट दोर धरतात, म्हणून हातांची बरीच सुटका होते. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून उभं असलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा देशी कसरतींसाठीच नावाजलेलं.

पकड टिकली, तरी अनेक जण झोका टोकाला पोचल्यावर दोर सोडतात. तिथे वेग शून्य, मग सरळ खाली! दोर पुढे चढत असतानाच, टोकाच्या जरा आधी सोडावा.

कठड्यावरून उतरतानाही तेच भौतिकशास्त्र. मीटरभर उंचीवरून ताठ पायांनी आदळून शरीर पाच सेंटिमीटरांत थांबलं, तर सरासरी बल वजनाच्या २१ पट. गुडघे, कंबर वाकवून थांबायला अर्धा मीटर दिला, तर फक्त तिप्पट. आणि टेकायचं ते आधी चवड्यांवर, टाचांवर नाही.