काचेवर उरलेले गाव

सिडनीच्या वायव्येस, बाथर्स्ट शहराच्या पलीकडील डोंगराळ मुलखात, हिल एंड नावाचे जेमतेम शंभर वस्तीचे एक खेडे आहे. तेथील घरे एकमेकांशी अबोला धरल्याप्रमाणे दूरदूर उभी असून मधल्या गवताळ जागांत कांगारू निर्धास्तपणे चरत असतात. आणि त्या ओसाड जागांवर जुन्या छायाचित्रांच्या ज्या पाट्या लावल्या आहेत, त्या वाचल्यावाचून येथे एके काळी भरगच्च बाजारपेठ होती, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

हा प्रदेश मूळचा विराजुरी लोकांचा. १८५१ साली जवळच्या ओफीर येथे सोने सापडल्याचा पुकारा झाला, तेव्हा सरकारने जमिनीतील सर्व सोने राणीच्या मालकीचे ठरवून खोदणाऱ्यावर दरमहा ३० शिलिंगांचा परवाना बसविला, आणि परवाना घेतलेले व चुकविणारे असे दोन्ही प्रकारचे लोक या प्रदेशातील ओढ्यांत उतरले. प्रारंभी वाळू चाळून सोने मिळे. शेजारच्या टांबारूरा येथे चिनी खोदकऱ्यांचीही मोठी वस्ती होती. पुढे हॉकिन्स हिलच्या खडकात सोन्याच्या शिरा सापडल्या. खडक फोडून दळायचा म्हणजे यंत्रे हवीत, यंत्रांसाठी भांडवल हवे, म्हणून कंपन्या निघाल्या. आणि १८७२ च्या सुमारास येथील लोकसंख्या आठ हजारांवर व दारूच्या गुत्त्यांची संख्या अठ्ठावीसवर गेली.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरच्या रात्री ‘स्टार ऑफ होप’ खाणीत सोने व गारगोटी यांचा २८६ किलो वजनाचा एक अखंड खंड निघाला. हॅम्बुर्गहून आलेला बर्नहार्ट होल्टरमन हा त्या खाणीचा एक भागीदार. तो खंड आपण विकत घेतो, असे त्याने कंपनीला सांगून पाहिले. पण भागधारकांना कौतुकापेक्षा नफ्याची निकड अधिक, तेव्हा खंड फोडून वितळविण्यात आला. त्यावर हात ठेवून ऐटीत उभ्या असलेल्या होल्टरमनचे जे चित्र प्रसिद्ध आहे, ते वेगवेगळी छायाचित्रे जोडून केलेले आहे, हे कळल्यावर त्या गृहस्थाविषयीचा माझा आदर कमी न होता वाढलाच.

कारण छायाचित्राची किंमत ओळखणारा असा धनिक त्या काळी विरळाच. बोफॉय मर्लिन नावाचा फिरता छायाचित्रकार आपला तरुण साहाय्यक चार्ल्स बेलिस याच्यासह तेव्हा याच गावात होता. त्या काळच्या छायाचित्रणपद्धतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे, त्यामुळे अंधारी खोली सतत हाताशी असणे भाग पडे. मर्लिनची रीत अशी की दुकानामागून दुकान, झोपडीमागून झोपडी घ्यायची, आणि प्रत्येकाच्या दाराशी त्याच्या धन्याला, बायकामुलांना, वेळप्रसंगी कुत्र्यालाही उभे करायचे. काच इतकी सूक्ष्मग्राही की दुकानाच्या खिडकीतील मालावरची अक्षरेदेखील वाचता येतात, आणि क्षणभर स्थिर राहणे न साधलेल्या पोराचा चेहरा मात्र धुक्यासारखा पुसट उमटलेला असतो. वसाहतीची कीर्ती परदेशात पसरावी, या हेतूने होल्टरमनने या कामास पैसा पुरविला. मर्लिन १८७३ मध्ये वारला. काम बेलिसने पुढे चालविले.

इकडे शिरा आटल्या, समभागांचे भाव कोसळले, आणि लोक आले होते तितक्याच घाईने निघून गेले.

काचा मात्र होल्टरमनच्या मृत्यूनंतर विस्मृतीत गेल्या. १९५१ साली, म्हणजे सोन्याच्या शोधास बरोबर शंभर वर्षे होत असताना, सिडनीच्या चॅट्सवुड भागातील एका घराच्या बागेतील खोपटात त्या सापडल्या: सुमारे साडेतीन हजार, आणि बहुतेक सुस्थितीत. आज त्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयाच्या दप्तरी आहेत.

त्याआधीच, १९४७ मध्ये, रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड हे चित्रकार हिंडत हिल एंडला आले होते. दुसऱ्या वर्षी ड्रायस्डेलने ‘द क्रिकेटर्स’ हे चित्र रंगविले. आपल्याकडील गल्लीबोळांत क्रिकेट म्हणजे कलकलाट. येथे मात्र निर्जन इमारतींच्या भिंतींआड दोघे मुलगे खेळताहेत, तिसरा भिंतीला टेकून उभा आहे, आणि चेंडू अडवायलाही कोणी नाही. फ्रेंडने तर येथे झोपडीच घेतली. आता निमंत्रित कलावंत तीत येऊन राहतात व काम करतात.

१९६७ पासून हे गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून सरकारी संरक्षणाखाली आहे. त्या अठ्ठावीस गुत्त्यांपैकी १८७२ चे रॉयल हॉटेल तेवढे टिकून आहे.