धागा दिसला पाहिजे

सकाळी 7 : अंजूरफाट्याला कंटेनरांची रांग लागायच्या आत कारखाना गाठला. काम एका वाक्यात सांगता येतं. भिवंडीत विणलेलं ग्रे कापड मुंबईतल्या शेठना फोनच्या ब्राउझरमध्येच, ताका उलगडत असताना, थेट दिसलं पाहिजे. वेगळं ॲप उतरवायला लावायचं नाही. व्हॉट्सॲपवर लिंक गेली, बोट ठेवलं की कापड समोर. त्याचा डेमो आज उभा करायचा.

7.30 : नोडवर छोटा सर्व्हर आणि जावास्क्रिप्टची दोन पानं. एक पान तपासणीच्या टेबलावर टांगलेल्या फोनसाठी, दुसरं बघणाऱ्यासाठी. सर्व्हरचं काम लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं. तो दोन्ही ब्राउझरचे निरोप वेबसॉकेटवरून इकडून तिकडे पोचवतो. ओळख झाली की व्हिडिओ शक्यतो थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातो. हे वेबआरटीसी गूगलने 2011 मध्ये खुलं केलं आणि जानेवारी 2021 मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. आज ते जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे, त्याला एक रुपया पडत नाही. छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

9 : लॅपटॉपवर लोकलहोस्टला कॅमेरा लगेच सुरू होतो. तेच पान वायफायवरून फोनवर साध्या एचटीटीपीने उघडलं, तर ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगीसुद्धा विचारत नाही. नियम चांगलाच आहे: असुरक्षित पानाला कॅमेरा मिळायचा नाही, लोकलहोस्टला तेवढी सूट. म्हणून पान टनेलमधून एचटीटीपीएसवर आणलं. मागचा कॅमेरा घेण्यासाठी ‘फेसिंगमोड’ला ‘एन्व्हायर्नमेंट’ दिलं.

10.30 : मालकांचा मुलगा विचारतो, “दादा, गोदामाच्या कॅमेऱ्यांना जे बसवलंय तेच इथे का नाही लावत?”

रास्त प्रश्न आहे. मानकोली, वळ, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांत आयपी कॅमेरे असतात. त्यांचा आरटीएसपी प्रवाह ब्राउझरला सरळ वाचता येत नाही. तिथे एफएफएमपेगने त्याचे तुकडे पाडायचे, तुकड्यांची यादी एका फाइलीत ठेवायची आणि एचएलएस-डॉट-जेएसने ते पानावर वाजवायचे. ॲपलने 2009 मध्ये आणलेली ही पद्धत भक्कम आहे, शेकडो लोकांनी एकदम बघितलं तरी चालते. पण तुकडा साधारण 6 सेकंदांचा, आणि प्लेअर सहसा तीन तुकडे मागून सुरुवात करतो. म्हणजे दिसतं ते 18 सेकंदांपूर्वीचं. गोदामाच्या फाटकावर ट्रक आला की नाही, एवढं बघायला पुरतं.

ताका तपासताना नाही पुरत. त्याला टेबलाशी उभं करून दोन्ही पद्धती दाखवल्या. एचएलएसवर त्याने ताका तपासणाऱ्या काकांना “काका, थांबा, तिथे मागे घ्या” म्हटलं, तोवर तो भाग केव्हाच घडीत गेला होता. वेबआरटीसीवर शब्द तोंडातून निघताच काकांचा हात थांबला. ज्याला नुसतं बघायचंय त्याच्यासाठी एचएलएस. ज्याला बघता बघता बोलायचंय त्याच्यासाठी वेबआरटीसी. हा निर्णय कोडच्या पहिल्या ओळीआधी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

1 : डबा. मागे लूमचा खडखडाट चालूच.

2 : खरी परीक्षा आता. नेटचा वेग पडला की ब्राउझर आपोआप चित्र बारीक करतो, म्हणजे हालचाल अडखळू नये. गप्पांच्या कॉलला ते ठीक. इथे उलटं हवं: चित्र सेकंदाला पाचदाच बदललं तरी चालेल, पण ताण्याचा तुटलेला धागा दिसला पाहिजे. त्यासाठी व्हिडिओच्या ट्रॅकवर ‘कंटेंटहिंट’ला ‘डिटेल’ अशी एक ओळ घातली आणि नेट मुद्दाम आवळलं. चित्र थांबत थांबत पुढे सरकत होतं, पण धागा सुटलेली बारीक उभी रेघ स्वच्छ. काका चष्मा सावरून म्हणाले, “हा डाग नाही, इथून धागाच गेलाय.” तपासणाऱ्याची नजर पडद्यावर पोचली, म्हणजे डेमो कामाचा.

आवाजासाठी गोंगाट कमी करण्याची सोय सुरू ठेवली. बघणाऱ्याच्या पानावर व्हिडिओ मुका सुरू होतो, कारण बोट लावल्याशिवाय आवाज वाजवायला ब्राउझर सहसा नकार देतात. खाली मोठं बटण दिलं : ‘आवाज सुरू करा’.

4 : फोन वायफायवरून काढून मोबाईल डेटावर घेतला. पान उघडलं, निरोप पोचले, व्हिडिओचा चौकोन मात्र काळा. मोबाईल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. मग स्टन सर्व्हरने पत्ता सांगूनही दोन फोनांची थेट गाठ अनेकदा पडत नाही. टनेलही इथे कामाला येत नाही, त्यातून फक्त पान आणि निरोप जातात. म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर कोटर्न बसवून टर्नचा मार्ग दिला. व्हिडिओ त्याच्यातून वळून जातो, थोडा डेटा खर्च होतो, पण जातो. तो खरंच तिथून जातोय ना, हे तपासायला ‘आइसट्रान्सपोर्टपॉलिसी’ला तात्पुरतं ‘रिले’ लावून थेट वाट बंद केली. चित्र आलं. एकाच वायफायवर दोन फोन ठेवून दाखवलेल्या डेमोवर मी विश्वास ठेवत नाही.

6.30 : कारखान्याच्या राउटरला इन्व्हर्टरची जोडणी दिली. टर्नचा पासवर्ड पानात उघडा राहू नये म्हणून सर्व्हरकडून थोड्या वेळापुरता मिळेल अशी सोय केली. आयफोनवर व्हिडिओ आपणहून पूर्ण पडदा व्यापतो, म्हणून टॅगमध्ये ‘प्लेजइनलाइन’ घातलं. उद्या शेठ काळबादेवीच्या पेढीवर आयफोनवरच बघणार आहेत.